ताईंचं डोकं दुखलं तेव्हा

नाटक शिकवणाऱ्या सुलभाताईंनी मला वाचवलं. आज पुण्यात झेरॉक्सच्या गरम कागदांचा वास आला आणि इंदूरच्या शाळेतल्या नाटकाच्या वर्गाचा पहिला आठवडा आठवून पुन्हा धडधडलं. आम्ही गोल बसून ताज्या झेरॉक्सवरून नाटक वाचत होतो. मला धड वाचता येत नव्हतं आणि माझी वाचायची पाळी जवळ येत होती.

शेजारचा कुजबुजला, "भिया, पन्ना तो पलट." पान कधी उलटायचं तेच मला कळत नव्हतं; मी कागदाची कडा बोटांनी चुरगळत होतो.

तेवढ्यात ताई म्हणाल्या, "डोकं दुखतंय रे. कागद ठेवा खाली, मी बोलते ते ऐकून म्हणा."

मग तासभर त्या चारही पात्रं खड्या आवाजात बोलत राहिल्या. त्यांनी माझे हात पाहिले होते, हे आज कळतं.

शाळा नववीतच सुटली. वाचायला इथे पुण्यात शिकलो. ताई, एक दिवस येऊन तुम्हाला अख्खं नाटक वाचून दाखवीन.