‘इतर’मधली माणसं

हाडांच्या वॉर्डातल्या नोंदणी कारकूनबाईंना सगळे ‘वेळबाई’ म्हणत. आलेल्या माणसाचं नाव विचारायच्या आधी त्या विचारत, "किती वाजता पडलात?" बावीस वर्षं त्यांनी अपघाताचे फॉर्म भरले होते. कारणाच्या चार चौकटी होत्या: वाहन, उंचावरून पडणे, मारामारी, इतर. घरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं ‘इतर’मध्ये जात, आणि महिन्याचा तक्ता वर पाठवताना ‘इतर’चा रकाना गाळला जाई. ती माणसं खाटेवर असत, कागदावर नसत.

एकदा न्हाणीघरात पडलेल्या एक आजी आल्या. जन्मभर शिवणकाम केलेल्या. वय एकोणऐंशी, जीभ कात्रीसारखी. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, माझा नंबर कधी?"

"आज-उद्यात, आजी."

"मीपण गिऱ्हाइकाला हेच सांगायचे. तेव्हा कापडाला कात्रीसुद्धा लागलेली नसायची."

रस्त्यावरचे अपघात येत राहिले आणि आजी मागे सरकत राहिल्या. सहाव्या दिवशी ऑपरेशन झालं, पण तोवर छातीत कफ धरला होता. नवव्या दिवशी आजी गेल्या.

वेळबाईंनी फॉर्म लगेच बंद केला नाही. समासात त्यांनी पेन्सिलीने दोन वेळा लिहिल्या: दवाखान्यात आल्याची आणि ऑपरेशनच्या टेबलावर घेतल्याची. मध्ये एकशे एकेचाळीस तास गेले होते. त्या दिवसापासून खुब्याच्या प्रत्येक रुग्णाचे तास त्या लिहू लागल्या, जेवणाच्या सुट्टीत, खाटेखाटेपाशी जाऊन.

नवरा म्हणाला, "हे तुझ्या कामात बसतं का?"

"बसत नाही, म्हणूनच उभ्याने करते."

वर्षभरात एकशे ब्याऐंशी माणसं झाली. ऑपरेशनला सरासरी पाच दिवस लागत होते. कागद घेऊन त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "बाई, तुमचं काम नोंद करायचं. निदान आमच्याकडे राहू द्या."

"निदान नाही करत, सर. तास मोजते."

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्यांनी कागद वाचले आणि नेमकी दुखरी जागा दाबली. "उशीर झालेल्यांपैकी जास्त दगावले, बरोबर. पण मुळात जास्त आजारी होते म्हणूनच त्यांना उशीर झाला असेल. हृदय, साखर, रक्त पातळ करायच्या गोळ्या. मग दोष उशिराचा कसा?"

वेळबाईंनी कागद गोळा केले. जिना उतरताना त्यांचे कान तापले होते. पण प्रश्न खरा होता, आणि खऱ्या प्रश्नावर रुसून चालत नाही. रेकॉर्ड खोलीतली धूळ खात त्यांनी एकशे ब्याऐंशी केसपेपर पुन्हा काढले. प्रत्येकापुढे जुने आजार लिहिले, आणि शेजारी थांबण्याचं कारण. तीन महिने गेले. डोळ्यांचा नंबर वाढला.

या खेपेला त्यांनी एकच पान टेबलावर ठेवलं. "सर, ज्यांना दुसरा काही आजार नव्हता असे एकाहत्तर. तेही चार दिवस थांबले. कारणं अशी: टेबल रिकामं नाही, भुलीचे डॉक्टर दुसरीकडे, एक्स-रे हरवला. यातलं आजारपणात काय बसतं, तुम्हीच सांगा."

डॉक्टरांचं बोट पानावरून खाली येत एका आकड्यावर थांबलं. मग म्हणाले, "एक्स-रे हरवला? अकरा वेळा?"

"बारा. एक नंतर सापडला, पण तोवर दुसरा काढला होता."

महिन्याभरात दोन गोष्टी झाल्या. आठवड्यातल्या तीन सकाळी एक टेबल फक्त खुब्यांसाठी राखलं गेलं, आणि फॉर्मवर पाचवी चौकट आली: ‘घरात पडणे’. भांडणं झाली, तीन सकाळींच्या दोन झाल्या, पुन्हा तीन झाल्या. वर्ष सरता सरता पाच दिवसांचे दोन झाले. सगळे वाचले असं नाही. जे गेले त्यांचेही तास वेळबाई लिहीतच होत्या.

आता घरी गेलेल्या प्रत्येकाला त्या महिन्याने फोन करतात. परवा एका घरी सुनेने उचलला.

"सासूबाई कशा आहेत? काठीने चालतात का?"

"चालतात ना. आत्ता गच्चीवर गेल्यात."

"गच्चीवर? जिने चढायला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही हो. नको म्हटलं, म्हणूनच गेल्या."

वेळबाईंनी रकान्यात लिहिलं, ‘चालतात’. मग जरा थांबून पुढे लिहिलं, ‘ऐकत नाहीत’, आणि पुढचा नंबर फिरवला.