छबुबाईचं राहिलेलं गाणं

आमच्या मालकाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, नाव रामप्रसाद. सारी हयात यष्टीत कंडक्टर होते, त्यामुळं आवाज खणखणीत. रिटायर झाल्यावर आष्टीत लग्नाचा माइक धरायला लागले. आमच्याकडं लग्न म्हणजे काय, नवरानवरी ताटकळत उभी अन् माइकवर पाव्हण्यांची नावं! माजी सभापती आले, चेअरमन आले, भावी सरपंच आले. एक नाव राहिलं की माणूस न जेवता उठून जातो, वर्षभर बोलत न्हाई. मालकाकडून एकबी नाव कधी सुटलं न्हाई. त्याचा त्यांना लई गर्व, अन् खरं सांगायचं तर मलाबी.

कॉलनीमागच्या बागेत वेड्या बाभळी माजल्या होत्या, दारुडे बसायचे. मालक म्हणले, "नुसती साफ करून उपेग न्हाई, हितं माणसं बसली पायजेत." मग दर रविवारी संध्याकाळी फुकट गाण्याचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या रविवारी ऐकायला मी, शेजारीण अन् दोन कुत्री. तरीबी मालक हात जोडून "रसिक हो" म्हणले! मग हळूहळू भजनी मंडळ आलं, सनईवाला आला. बाभळी गेल्या, दिवे लागले, म्हाताऱ्या नातवंडं घेऊन यायला लागल्या. नेम एकच. स्टेज न्हाई, शाल-नारळ न्हाई, सगळे सतरंजीवर. नेम मालकानंच केलता.

दसऱ्यानंतरचा रविवार होता. बागेत नेमानं येणारी छबुबाई त्या दिवशी टोळीबरोबर ऊस तोडायला निघाली होती. तिची पोर शिवकन्या शाळेसाठी हितंच आजीजवळ राहणार होती. उन्हाळ्यापर्यंत मायलेकींची भेट न्हाई. छबुबाईनं पोरीसाठी स्वतः एक गाणं जुळवलं होतं अन् ते जाताना तिला सगळ्यांसमोर ऐकवायचं होतं. मुकादमानं ट्रक बागेच्या फाटकाशी उभा केला. "एकच गाणं हां, मावशे," म्हणला. ट्रकात माणसं, गाठोडी, शेरडं, सगळी तिच्यासाठी खोळंबलेली.

छबुबाईनं पदर सावरला, पहिली ओळ म्हणली. काय गळा होता बाईचा! तेवढ्यात फाटकातून तालुक्याचे पुढारी सुंदरराव साहेब आले, मागं चारपाच कार्यकर्ते. साहेब गुपचूप कडेला सतरंजीवर बसायले. पण आमच्या मालकाला दम निघंल तर ना!

"थांबा बाई, एक मिनिट! आताच आपल्यामध्ये आगमन झालेलं आहे..."

साहेब म्हणले, "अहो, चालू द्या की गाणं."

मालकाला वाटलं, मोठी माणसं असं वरवर म्हणतच असतात. त्यांनी माझ्याच खांद्यावरची शाल ओढली, शेजारणीला नारळ आणायला पिटाळलं. साहेबांचा सत्कार झाला. मग मागच्या एकेकाचं नाव, पद, गाव. मी त्यांची बाही ओढली, "अहो, ती उभी हाय, ट्रक थांबलाय." तर माझ्यावरच खेकसले, "थांब गं, कुणी राहिलं तर रुसतील!"

ट्रकचा हॉर्न वाजला. परत वाजला. छबुबाईनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवला अन् खाली मान घालून निघून गेली. मालक तेव्हा कुठल्याशा उपाध्यक्षांचं स्वागत करत होते.

सगळं उरकल्यावर म्हणले, "हां, या छबुबाई." साहेबांनी शाल काढून मालकाच्या हातात दिली अन् उठून गेले. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

आठवडाभर मालक घराबाहेर पडले न्हाईत. लग्नाचं बोलावणं आलं, ते परत लावलं. "मला तोंड दाखवायची लाज वाटायलीय," म्हणायचे. मी काय समजूत घालणार? मलाच शेजारणीकडं बघवत नव्हतं.

पुढच्या रविवारी मीच त्यांना बळं बागेत नेलं. शिवकन्या एकटीच बसली होती. मालक तिच्यासमोर जाऊन बसले. "पोरी, लई चुकलं माझं," म्हणले.

पोर रागावली न्हाई. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "काका, आई पुढं काय म्हणणार होती? मला तिनं आधी ऐकवलंच न्हाई. फोनवर म्हण म्हणलं तर नुसती रडायली. तुमी तिच्या जवळ उभे होता, तुमाला ठाव असंल ना?"

त्या दिवशी आलेल्या एकूणएक पाव्हण्याचं नाव अन् पद मालकाला आजबी पाठ हाय. गाण्याची दुसरी ओळ त्यांना सांगता आली न्हाई. त्यांनी त्या लेकरापुढं हात जोडले अन् हमसून रडायला लागले.