‘ग्रँड’ म्हणालो आणि बेटावर अडकलो

मंडळी, कॅव्हन या आयरिश जिल्ह्यातल्या तळ्यांबद्दल लिहायचं महिनाभर टाळतोय. आज लिहितोय, कारण त्यातल्याच एका बेटावर अडकलोय. कॉल लागत नाहीये, मेसेज जातोय. बॅटरी सात टक्के.

सकाळी एका नाववाल्या आजोबांनी इथे सोडलं. बेटावर फक्त एक पडका, गोल किल्ला. पूर्वी इथे कैदी ठेवायचे म्हणे. दुपारी आजोबा न्यायला आले, तेव्हा मी भिंतीवर चढून हंसांचे फोटो काढत होतो. ते खालून काहीतरी ओरडले. मला शेवटचं "ग्रँड?" एवढंच ऐकू आलं.

वाटलं, मजेत आहेस ना विचारतायत. म्हटलं, "आय अ‍ॅम ग्रँड." त्यांनी मान डोलावली आणि नाव वळवली. इथे चहा नको असला तरी लोक 'ग्रँड'च म्हणतात, म्हणजे 'नको, राहू दे', हे मला होडी दिसेनाशी झाल्यावर आठवलं.

ओरडून घसा बसलाय. बूट भिजलेत, बोटं वळत नाहीत, तासाभरात अंधार पडेल. कुणीतरी माझ्यासाठी रेस्क्यूला फोन कराल का, प्लीज?

थांबा. केशरी टोपी घातलेली एक आजी चक्क पोहत आलीय. पाण्यातूनच विचारतेय, "यू ग्रँड, लव्ह?"

नाही म्हणालो. तीनदा.