कोटाला फेट लावू का?

कोट काउंटरवर ठेवला आणि तो उभाच राहिला. आत माणूस नाही, तरी उभा. चामडं एवढं ताठ झालं होतं.

हेंक, म्हणजे माझा बॉस, डिलिव्हरीला गेला होता. आइंडहोवन या डच शहरातलं हे त्याचं बूट-बॅग दुरुस्तीचं दुकान. मी ट्रायलवर होतो आणि मला ठेवायचं की नाही, हे तो त्याच आठवड्यात सांगणार होता. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. मिरजेत मामाच्या हाताखाली शिवण शिकलो. बायको मनीषा इथे आयटीत आहे, तिच्या परमिटवर मी आलो. तिच्या ऑफिसातल्या लोकांत कुणी "तुम्ही काय करता?" विचारलं, की मी समोसे आणायला उठायचो. या दुकानात लागल्यापासून बसून उत्तर द्यायला लागलो होतो. ते जाऊ नये, एवढीच धास्ती.

कोट आणला होता लोटे नावाच्या डच बाईंनी. आजोबांचा. आजोबा युद्धात इथून निसटून इंग्लंडला गेले आणि तिथे बॉम्बर विमानांच्या ग्राउंड क्रूत लागले. ग्राउंड क्रू म्हणजे न उडणारी माणसं. इंजिन दुरुस्त करायचं, पेट्रोल भरायचं, बॉम्ब चढवायचे, आणि विमान परत येईपर्यंत आभाळाकडे बघत उभं राहायचं. तेही उघड्या मैदानात, थंडीवाऱ्यात. उडणाऱ्यांना मेंढीच्या कातड्याचे उबदार कोट. यांना हा बिनबाह्यांचा, आतून कांबळ्याचं अस्तर लावलेला.

सोबत बूट होते. तळव्याला नुसती भोकं, खिळे गायब. मी लगेच म्हणालो, "नवे ठोकून देतो."

"नको, नको! त्यांनीच उपटले होते," लोटे इंग्रजीत म्हणाल्या. "विमानाच्या पंखावर चढायचे ना. खिळ्यानं पत्रा चेपला तर?"

मी बूट हातात धरूनच राहिलो. चिखलात खिळ्यांशिवाय पाय घसरतो. म्हणजे हा माणूस खाली स्वतः घसरला असेल, पण वर विमानाला ओरखडा येऊ दिला नाही.

मग कोट. गुंड्या सैल, अस्तर उसवलेलं. छातीवर हाताएवढा काळा डाग. मी बोट ठेवून विचारलं, "याचं काय करू?"

लोटे वाकल्या. डागाला नाक लावलं, खोल श्वास घेतला आणि डोळे मोठे करून म्हणाल्या, "फेट!" परत एकदा, "फेट!" मग घड्याळ बघितलं आणि सायकलवर टांग टाकून गेल्या.

मला डच येत नाही, पण हा शब्द चांगला येतो. कपाटात डबाच आहे फेटचा. फेट म्हणजे ग्रीस, चामडं मऊ करायची चरबी. ऑर्डर स्पष्ट होती. डाग काढायचा, फेट चोळायचं, कोट नव्यासारखा. हेंक येईपर्यंत करून दाखवलं तर ट्रायल पास, असंही मनात आलं.

डबा उघडला. फडक्यावर फेट घेतलं. आणि शेजारी ते बूट दिसले.

खिळे नकोत म्हणणारी बाई कोट मात्र नव्यासारखा का मागेल?

हात तिथेच थांबला. फडकं तसंच धरून मी हेंकची वाट बघत बसलो.

तो आला. "हे काय, सत्याग्रह?"

"हेंक सर, त्या बाई फेट लावायला सांगून गेल्या."

"सर मेला. मी हेंक. काय म्हणाल्या नक्की?"

मी वास घेण्यासकट करून दाखवलं. हेंक आधी हसला, मग खुर्ची ओढून बसून हसला. "अरे, ते ग्रीस नाही! पोरं म्हणतात तसं. फेट म्हणजे मस्त, एकदम जबरदस्त!"

म्हणजे आपलं 'भारी'. आपल्याकडे कुणी 'भारी' म्हटलं म्हणून कोणी वजनकाटा आणतो का? मी आणला होता.

मग हेंकचं हसू थांबलं. "लावलंस?"

"नाही."

त्यानं कोट उजेडाकडे वळवून सगळा तपासला, तेव्हा कुठे श्वास सोडला.

लोटे परत आल्या तेव्हा हेंकनं डागाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, आजोबांना हातमोजे घालून बारीक नट धरता यायचे नाहीत. मग उघड्या हातांनी काम, आणि हात पुसायचे इथे, छातीवर. "लहानपणी मी याच वासात झोपायचे. अजून येतो, बघा."

मी नाक लावलं. इंजिन ऑइल. खरंच येत होता.

अस्तर मी जुन्याच भोकांतून शिवलं, गुंड्या पक्क्या केल्या. डागाला हात लावला नाही. ज्यांचे हात तिथे पुसले गेले, त्यांच्यापुढे माझा कसला हात.

त्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्ट झालं. मनीषाला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, "भारी!" या वेळी अर्थ विचारावा लागला नाही.

परक्या भाषेतला न कळणारा शब्द आपण विचारतो तरी. घात करतो तो ओळखीचा शब्द. हेंकनं फेटचा डबा आता सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलाय. काढायचा तर स्टूल लागतं, आणि स्टूल त्याच्या टेबलाखाली असतं.