तीन ठोक्यांचा पेला

माझी आत्या कोणाच्या बापाला घाबरत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. जावईबापूंना माहीत नव्हतं, तिथेच घोळ झाला.

जावईबापू म्हणजे बेकरीच्या मालकांचे जावई. मालकांचे गुडघे गेले आणि कारभार यांच्या हाती आला. पहिल्याच आठवड्यात यांनी चकचकीत वजनकाटा आणला. आत्या तिथे सव्वीस वर्षं पावाचं पीठ भिजवतेय. नवरा गेला, पदरात दोन पोरी, तेव्हापासून. तिचं माप एकच, पोचे आलेला पत्र्याचा पेला. साध्या पावाच्या एका खेपेला साठ पेले मैदा. मी पलीकडच्या खोलीत पाव पिशव्यांत भरते, मधलं दार कायम उघडं, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

जावईबापूंनी चमच्या-चमच्याने मैदा टाकत तो पेला भरला आणि काट्यावर ठेवला. एकशे चाळीस ग्रॅम. मग आमच्याकडे होतात त्या सातही प्रकारच्या पावांपुढे, पेल्याला एकशे चाळीस असं लिहून कागद भिंतीवर डकवला.

"आता पाव कोणीही करील," ते म्हणाले. "मावशी, तुम्ही सोमवारपासून पॅकिंगला."

पॅकिंगला! म्हणजे माझ्यासारखं स्टुलावर बसून पिशव्यांची तोंडं बांधायची. तो हात काय त्यासाठी आहे? माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी आत्याने कागदाप्रमाणे मैदा काट्यावर तोलून पीठ भिजवलं, तर ते टेबलावरून ओघळायला लागलं. पाव निघाले चपलेसारखे. आणि हे महाशय सगळ्यांसमोर म्हणतात काय, "बाईंनी मुद्दाम बिघडवले!"

आत्याच्या कपाळाची शीर फुगली. मी धावत जाऊन तिचा दंड धरला. "आत्या, गप्प बस गं. खरा आकडा त्यांना कळला की तुला हलवायला मोकळे होतील ते."

"आणि हे सपाट पाव माझ्या हातचे म्हणून लोकांच्या घरी जातील? मी मेले तरी चालू देणार नाही!" तिने दंड सोडवून घेतला. "साहेब, इकडे या. काटा तुमचा चांगलाय. भरणं चुकलंय."

तिने पेला पोत्यात खुपसला, भरून काढला, टेबलावर तीनदा ठोकला, पुन्हा भरून वरून तळहात फिरवला. एकशे बहात्तर. पुन्हा भरला. एकशे एकाहत्तर. पुन्हा. एकशे बहात्तर. दहा वेळा भरला, एका ग्रॅमपलीकडे फरक नाही. भट्टीवाले काका काम टाकून बघत उभे राहिले.

"साठ पेल्यांमागे जवळजवळ दोन किलो मैदा खाल्लात तुम्ही," आत्या म्हणाली. "आणि नाव माझं!"

जावईबापूंनी कान खाजवला. पण पठ्ठ्या खमका. माफी नाही, काही नाही. जुना आकडा खोडून एकशे बहात्तर लिहिलं आणि म्हणाले, "मग झालं की काम. सोमवारपासून पॅकिंग."

मला रडूच यायला लागलं. सांगत होते ना मी हिला!

आत्याने मात्र शांतपणे पेला गव्हाच्या पिठात बुडवला, तीनदा ठोकला, काट्यावर ठेवला. एकशे पन्नास. जावईबापूंनी आकडा पाहिला, मग भिंतीवरचा कागद पाहिला. सातही पावांपुढे त्यांनी नुकतंच एकशे बहात्तर लिहिलं होतं.

"हे वेगळं कसं?" त्यांनी विचारलं.

"पीठ वेगळं, वजन वेगळं. मक्याचं आणखी वेगळं, कोंड्याचं तर विचारूच नका."

"मग सांगा ना, लिहून घेतो."

"सांगते की. सातही सांगते. नाही कशाला म्हणू?" आत्याने पदर खोचला आणि टेबलाच्या मधोमध, सव्वीस वर्षं उभी राहते तिथेच, उभी राहिली. "पण इथूनच सांगणार. पॅकिंगच्या स्टुलावरून मला काटा दिसत नाही."

सोमवारी माझ्या शेजारचं स्टूल रिकामंच होतं. भिंतीपलीकडून तीन ठोके ऐकू आले.