डोळ्यांसमोर दोन दत्त

थायरॉइडचा आजार निघाला, तेव्हा तो डोळ्यांवर येईल असं मला वाटलं नव्हतं. हळूहळू डोळे लाल होऊन बाहेर आल्यासारखे दिसू लागले, झोपेतही पुरते मिटेनात, आणि समोरचं सगळं दोन-दोन दिसायला लागलं. न्हावा शेव्याच्या ऑफिसात कंटेनरचे नंबर वाचताना एक डोळा हाताने झाकावा लागे. पण खरी खंत वेगळीच होती. पनवेलच्या आमच्या दत्तमंदिरात मी दर गुरुवारी जातो. तिथे उभा राहिलो की दोन मूर्ती एकमेकींवर चढलेल्या दिसत; कुठल्या मुखाकडे पाहून हात जोडावेत तेच कळेना. महाराजांना एकदा धड पाहावं, यासाठी जीव तळमळायचा.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "सिगारेटने हा डोळ्यांचा आजार वाढतो, औषधाचा गुणही कमी येतो. आधी ती सोडा." मी सोडायचो आणि पुन्हा ओढायचो. बायकोने त्यावर बोलणंच बंद केलं होतं. ती उठून फक्त खिडकी उघडायची.

एका गुरुवारी दर्शनाआधी मंदिराबाहेर मी सिगारेट काढली. पायरीपाशी उरणकडची एक कोळीण कुणाची तरी वाट पाहत उभी होती. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "भाऊ, थायरॉइडचा त्रास हाय ना डोल्यांना?"

मी चमकून वळलो. तिचेही डोळे माझ्यासारखेच होते, एक तर अगदी निस्तेज.

"मना पन तोच हाय. मी बिडी ओढायची. डॉक्टर सांगून थकला, मी आयकलं नाय. या डोल्यानं आता काय दिसत नाय." मग जरा संकोचून म्हणाली, "बहीन अजून आली नाय. पायरीचा अंदाज येत नाय. आत न्याल?"

तिला हात द्यायचा म्हणून मी न पेटवलेली सिगारेट टाकून दिली. गाभाऱ्यासमोर ती एका डोळ्याने किती तरी वेळ पाहत राहिली, तिथून हलेचना. मी मात्र डोळे मिटले. आजवर मी नजर मागत आलो होतो. त्या दिवशी एवढंच म्हणालो, महाराज, हे माझ्याने सुटत नाही, आता तुम्हीच सांभाळा. डोळे उघडले तेव्हा ती शेजारी नव्हती; बहीण येऊन तिला घेऊन गेली, असं पुजाऱ्यांनी सांगितलं. नावही विचारायचं राहिलं.

त्यानंतर मी सिगारेट ओढलेली नाही. इंजेक्शनं झाली, सूज उतरली. खास काचांच्या चष्म्यातून आता समोरचं एकच दिसतं. खाली पाहिलं की अजून दोन होतात. चहानंतर तलफ अजूनही येते. तेव्हा मी तिच्याशी भांडत नाही. नाम घेत बसतो आणि ती जाईपर्यंत स्वतःला महाराजांच्या हवाली करतो. दर गुरुवारी दर्शनाच्या रांगेत त्या ताईंना शोधतो. त्या अजून भेटलेल्या नाहीत. म्हणून हात जोडताना आधी त्यांच्या उरलेल्या डोळ्यासाठी मागतो, आणि मग माझ्यासाठी मागायचं काही आठवत नाही.