सात वाजून आठ मिनिटांनी

गेल्या माघात, संध्याकाळी सातला, कर्नाटक सीमेवरच्या चिंताकी गावाजवळच्या एका शेतात पाच जणांनी काठ्या घेऊन आमच्या बसस्टँडच्या कंट्रोलरना घेरलं. अंधारात ड्रोन फिरतात अशी अफवा तेव्हा गावोगाव होती आणि कंट्रोलरांपुढे तीन पायांच्या तिवईवर कॅमेरा लावलेला होता. मी सोबत होतो.

हे गृहस्थ ‘येईल आता’ असं कधी म्हणत नाहीत. बस कधी येणार असं विचारलं की घड्याळ पाहून मिनिट सांगतात, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये.

“काय करायलास रे हितं?” घेरणाऱ्यांतल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

“अंतराळ स्थानकाचा फोटो, अप्पा. माणसं राहतात त्याच्यात. सात वाजून आठ मिनिटाला मावळतीकडून येतंय. न्हाई आलं तर बांधून घाला मला.”

“बस हाय व्हय ती, टायमाला याला?”

“बस न्हाई, म्हणूनच येतंय.”

कुणी हसलं नाही. कंट्रोलरांनी घड्याळ पाहिलं आणि कॅमेऱ्याचं बटण दाबून धरलं. मावळतीला एक ठिपका उजळला आणि न लुकलुकता वर चढू लागला.

“व्हय की,” म्हातारा म्हणाला.

तो फोटो आता कंट्रोलरांच्या टेबलावर काचेखाली आहे. आभाळात एक पांढरी रेघ आहे. खाली माना वर केलेली पाच माणसं आहेत आणि त्यांच्या काठ्या जमिनीला टेकलेल्या आहेत.